भरदुपारी काळी काच: आधी सेकंद ठरवा, मग फिल्टर

प्रश्न थोडक्यात असा आहे: भंडारा जिल्ह्यातल्या एका मामा (माजी मालगुजारी) तलावावर, दुपारी बाराच्या सुमारास, जुना डीएसएलआर, १८-५५ची किट लेन्स आणि नवाकोरा एनडी १००० स्क्रू फिल्टर (उजेड कमी करणारी, लेन्सच्या तोंडावर आवळायची काळी काच) लावून फोटो काढले. पाणी आरशासारखं सपाट आणि ढग ओढल्यासारखे दिसायला हवे होते. प्रत्यक्षात काही फोटो पांढरेफटक आले, काही अस्पष्ट, सगळ्यांवर तपकिरी झाक, आणि दोन-तीन फोटोंत मधोमध जांभळट डाग. फिल्टर बोगस निघाला का? दुसरा घ्यायचा तर कोणता?

बोगस म्हणायची घाई नको. या चार दोषांपैकी फक्त तपकिरी झाक काचेची आहे. पांढरेपणा हिशेबाचा, अस्पष्टपणा काच चढवताना हललेल्या फोकसचा, आणि जांभळा डाग बहुधा व्ह्यूफाइंडरमधून आत शिरलेल्या उन्हाचा. सुरुवात हिशेबापासून करू, कारण मूळ गडबड तिथे आहे. बहुतेक जण आधी फिल्टर विकत घेतात आणि मग तो किती सेकंद देतो ते शोधत बसतात. करायचं उलट. चित्राला किती सेकंद हवेत ते ठरवायचं, त्या वेळचा उजेड मोजायचा, मग कोणती काच लागेल ते आपोआप निघतं.

डब्यांवरचे आकडे तीन पद्धतींनी छापलेले असतात आणि तिघांचा अर्थ एकच. एनडी ८, ०.९ आणि ३ स्टॉप ही एकच काच. एनडी ६४, १.८ आणि ६ स्टॉप ही दुसरी. एनडी १०००, ३.० आणि १० स्टॉप ही तुमची. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा आणि वेळ दुप्पट. दहा वेळा दुप्पट केलं की १०२४ होतात, म्हणून बोलायला 'हजार'. दोन काचा एकावर एक चढवल्या तर स्टॉपची बेरीज होते आणि एनडी आकड्यांचा गुणाकार: १० आणि ६ मिळून १६ स्टॉप, म्हणजे ६५,०००पेक्षा जास्त पट.

आता तुमची बारा वाजताची दुपार. स्वच्छ ऊन, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ १६ (ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं ते बारीक) असेल तर शटर साधारण १/१०० सेकंद येतं. त्यावरून एफ ११ला १/२०० आणि एफ ८ला १/४००. याला १०२४ने गुणलं की एफ ८ला अडीच सेकंद, एफ ११ला ५ आणि एफ १६ला १० सेकंद. भरदुपारी १० स्टॉपची काच याहून जास्त देऊच शकत नाही. एफ ११ ठेवून ३० सेकंद दिले असतील, तर ते अडीच स्टॉप जास्त झाले. कितीही महागडी काच असती तरी फोटो पांढराच आला असता.

१० स्टॉपचा पाढा एकदा पाठ केला की ॲपची गरज उरत नाही: १/२५०चे ४ सेकंद, १/१२५चे ८, १/६०चे १६, १/३०चं अर्धं मिनिट, १/१५चं एक मिनिट, १/८ची दोन मिनिटं. ६ स्टॉपला तर एकच लक्षात ठेवा, १/६०चा एक सेकंद. बाकीचे त्याच्या मागेपुढे दुप्पट-निमपट.

मग बारा वाजता अर्धा मिनिट हवाच असेल तर? एफ २२ला जाऊ नका. ॲपर्चर इतकं बारीक केलं की प्रकाश कडांवर वाकतो आणि सगळं चित्र किंचित मऊ पडतं. १८-५५सारख्या लेन्सवर आणि छोट्या सेन्सरवर ते एफ १६लाच दिसायला लागतं. शिवाय सेन्सरवरची धूळ आकाशात काळ्या ठिपक्यांसारखी उमटते. एफ ११ ही वरची हद्द समजा. आयएसओ खाली ५०ला नेण्याची सोय काही कॅमेऱ्यांत असते, पण तो बहुधा सॉफ्टवेअरचा खेळ असतो आणि उजळ भागातला तपशील त्यात आधीच जातो. खरा मार्ग म्हणजे १० स्टॉपवर आणखी ३ स्टॉप चढवणे. १३ स्टॉपला एफ ११वर भरदुपारी ४० सेकंद मिळतात. १६ स्टॉप लावले तर एफ ८ला पावणेतीन मिनिटं. किंवा, आणि हे जास्त शहाणपणाचं, तीच १० स्टॉपची काच घेऊन आभाळ भरून आलेल्या दिवशी जा. दाट ढगांखाली उजेड तीन स्टॉपने सहज उतरतो. एफ ११ला १/२५ मोजला तर १० स्टॉपने ४० सेकंद मिळतात आणि आकाशात दाखवण्यासारखं काही तरी असतं. निरभ्र आकाशाला चार मिनिटं दिली काय आणि सेकंदाचा चारशेवा भाग दिला काय, फोटोत फरक पडत नाही.

डब्यावर १० स्टॉप लिहिलं म्हणजे काच १०चीच असते असं नाही. एक-तृतीयांश, कधी दोन-तृतीयांश स्टॉपचा फरक सर्रास असतो, म्हणून आपली काच एकदा मोजून ठेवा. सावलीतली चुन्याची भिंत घ्या, उजेड स्थिर असेल अशी सकाळची दहा-अकराची वेळ. कॅमेरा ट्रायपॉडवर, मॅन्युअल मोड, आयएसओ १००, व्हाइट बॅलन्स पक्का केलेला. शटर १/६०वर ठेवून हिस्टोग्रामचा (कॅमेरा दाखवतो त्या उजेडाच्या आलेखाचा) उंचवटा मधोमध येईल असं ॲपर्चर निवडा. मग काच चढवा, ॲपर्चरला हात न लावता १०, १३, १५, २०, २५ आणि ३० सेकंदांचे सहा फोटो काढा. ज्यात उंचवटा पहिल्या फोटोच्या जागीच बसतो तो तुमचा आकडा. १५ला जुळला तर बरोबर १० स्टॉप, २०ला जुळला तर १० आणि एक-तृतीयांश, २५ला १० आणि दोन-तृतीयांश, ३०ला ११. (१५ गुणिले ६० म्हणजे ९००च होतात असं वाटेल, पण कॅमेऱ्यातले '१५' खरे १६ सेकंद असतात, '३०' खरे ३२ आणि '१/६०' खरा १/६४; आकडे वाचायला सोपे जावेत म्हणून गोल केलेले आहेत.) निघालेला आकडा चिकटपट्टीवर लिहून डब्याच्या झाकणाला लावा.

आता अस्पष्टपणा. जुन्या १८-५५ लेन्सपैकी बऱ्याच लेन्सचं पुढचं तोंड फोकस करताना गोल फिरतं. फोकस करून मॅन्युअलवर टाकलं आणि मग फिल्टर आवळत गेलात, तर आवळताना फोकसही फिरतो, आणि काळ्या काचेतून ते डोळ्याला दिसत नाही. अशा लेन्सवर पुढची कडा दोन बोटांनी घट्ट धरून, फिल्टर फक्त दीड-दोन आटे चढवायचा. याहून बरं म्हणजे चौकोनी फिल्टरचा होल्डर आधीच बसवून ठेवायचा, फोकस करायचा आणि काच वरून हलकेच सरकवायची. कागदाची चिकटपट्टी फोकस रिंगला लावली तर आणखी निश्चिंत.

क्रम असा ठेवा. काच न लावता चौकट जुळवा. लाइव्ह व्ह्यूत (मागच्या पडद्यावर) दहापट मोठं करून एखाद्या दगडावर किंवा वठलेल्या झाडाच्या बुंध्यावर फोकस करा आणि लेन्स मॅन्युअलवर टाका. लेन्समधलं कंपन-रोधक बटण बंद करा; ट्रायपॉडवर ते स्वतःच कंपन तयार करू शकतं. मॅन्युअल मोडमध्ये काचेविना एक पक्का फोटो काढा, हिस्टोग्राम बघा, शटरचा आकडा लिहून घ्या. पाढ्याने गुणाकार करा. काच चढवा. ३० सेकंदांपर्यंत कॅमेरा स्वतः मोजतो. त्यापुढे बल्ब मोड (शटर हवं तितका वेळ उघडं ठेवणारा) आणि कुलूप असलेला वायरचा रिमोट लागतो, वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचवर. डीएसएलआर असेल तर मिरर लॉक (आरसा आधीच वर उचलून ठेवणं) वापरा, नाहीतर दोन सेकंदांचा टायमर तरी. आणि शटर उघडण्याआधी व्ह्यूफाइंडर झाका.

हे शेवटचं वाक्य तुमच्या जांभळ्या डागाचं उत्तर आहे. डीएसएलआरमध्ये मागच्या भिंगातून शिरलेला उजेड आरशाच्या फटींतून सेन्सरपर्यंत थोडासा झिरपतो. एरवी १/२००ला तो जाणवतही नाही. पण पुढून येणारा उजेड हजारपट कमी केला आणि शटर मिनिटभर उघडं ठेवलं, की तोच झिरपा चित्रावर पसरतो, विशेषतः ऊन तुमच्या पाठीमागून येत असेल तेव्हा. पट्ट्यासोबत येणारं रबरी झाकण याचसाठी असतं. हरवलं असेल तर काळ्या कापडाची घडी किंवा काळी चिकटपट्टी चालते. होल्डर वापरत असाल तर काच आणि होल्डर यांच्यामधली फोमची पट्टी लेन्सच्या बाजूला आहे ना ते बघा. उलटी लावली की कडेने उजेड शिरून चित्रभर फिकट पट्टे येतात. काही लेन्सवर अंतराचे आकडे दाखवणारी छोटी खिडकी असते, तीही झाका. सरळ उपाय म्हणजे काच लावली की अख्ख्या कॅमेऱ्यावर जाडसर दुपट्टा टाकायचा, फक्त पुढचं तोंड मोकळं. त्याने उजेडही अडतो आणि ऊनही. वारा असेल तर टोकं बांधून टाका, नाहीतर दुपट्टा फडफडून कॅमेराच हलवेल.

झाकूनही डाग राहिला, तर मात्र लेन्सकडे बघावं लागेल. काही लेन्स अवरक्त किरणांना मध्यभागी गोळा करतात आणि ॲपर्चर बारीक केलं की तो डाग ठळक होतो. एफ ८ला येऊन पाहा. फिका झाला तर कारण हेच.

अवरक्त किरण निघाले म्हणून तपकिरी झाकही इथेच निपटू. स्वस्त काळ्या काचा दिसणारा उजेड नीट अडवतात, पण गडद लाल आणि त्यापलीकडचे अवरक्त किरण बरेचसे सोडून देतात. सेन्सरपुढे त्यांना अडवणारी स्वतःची काच असते, ती बहुतेक अडवते, सगळे नाही. साध्या फोटोत हा उरलेला हिस्सा नगण्य असतो. दिसणारा उजेड हजारावा भाग झाला की तोच हिस्सा तुलनेने मोठा होतो आणि रंगात मिसळतो. म्हणून ही तक्रार ३ स्टॉपच्या काचेवर फारशी येत नाही, १०वर येते.

पण सगळीच झाक अवरक्ताची नसते. काही काचा नुसत्या निळसर किंवा तांबूस असतात आणि ती झाक चित्रभर सारखी पसरते. ओळखायची रीत सोपी आहे. पांढरा कागद, काळं टेरीकॉट कापड आणि हिरव्या पानांची फांदी उन्हात एकत्र ठेवून काचेसह आणि काचेविना फोटो काढा. व्हाइट बॅलन्स कागदावर जुळवा. कागद पांढरा झाला आणि बाकीचंही बरोबर दिसलं तर झाक साधी आहे. पुढच्या वेळी काच लावूनच पांढऱ्या कागदावर कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या आणि रॉमध्ये (सेन्सरची मूळ माहिती जपणाऱ्या फाइलमध्ये) काढा, विषय संपला. पण कागद पांढरा होऊनही काळं कापड मरून दिसतंय आणि पानं पिवळट तपकिरी, तर ते अवरक्त आहे, आणि कोणत्याही एका स्लायडरने ते जाणार नाही. हिरवी पानं अवरक्त किरण खूप परावर्तित करतात; धानाच्या बांध्या, पऱ्हाटी (कपाशी), संत्र्याची बाग, सगळं करपल्यासारखं दिसतं. धानपट्ट्यात हा दोष फार टोचतो. उपाय दोनच: अवरक्तही अडवणारी, धातूचा थर दिलेली काच घेणे, किंवा ते फोटो कृष्णधवल करणे. दुसरा उपाय फुकट आहे आणि वठलेली झाडं, पाणी, पावसाळी आकाश यांना तो बहुतेक वेळा शोभतोही.

किती सेकंद द्यायचे हा खरा रसाचा भाग आहे. धबधब्याला लोक उगाच जास्त वेळ देतात. पाण्याच्या धारा सुट्या दिसाव्यात असं वाटत असेल तर पाव सेकंद ते एक सेकंद पुरे. दोनच्या पुढे गेलं की दूध सांडल्यासारखं दिसतं आणि प्रवाहाची ताकद जाते. चिखलदऱ्याला पावसाळी ढगांत ६ स्टॉपची काचसुद्धा जास्त होते, पोलरायझर एकटा पुरतो. तो दीड ते दोन स्टॉप खातो आणि ओल्या काळ्या खडकांवरची पांढरी चमक काढतो, जे कोणतीही एनडी करू शकत नाही. तिथे धुकं उतरलं तर मात्र थांबा. धुक्यात दूरचं सगळं आधीच सपाट असतं, त्यात लांब शटरने काही भर पडत नाही. पैनगंगेवरच्या सहस्रकुंडला जुलै-ऑगस्टच्या पुरात पाणी गढूळ असतं. लांब शटर दिलं की ते दूध न दिसता चहा दिसतो. सप्टेंबरच्या शेवटी पाणी निवळलं आणि कातळ उघडे पडले की १ ते २ सेकंदांत धारा वेगवेगळ्या उमटतात.

तलावाचं गणित निराळं. बारीक लाटा पुसायला १० ते १५ सेकंद लागतात, आरसा करायला ३०च्या पुढे. पण हे जवळच्या पाण्याचं. लोणारच्या काठावरून खाली दिसणारं पाणी इतकं लांब असतं की लाटा मुळात दिसतच नाहीत. तिथे लांब शटर फक्त ढगांसाठी. आणि मामा तलावांवर एक गोष्ट तपासा: शिंगाड्याच्या वेली, कमळाची पानं, शेवाळ. तरंगणारी हिरवळ वाऱ्याने सरकते आणि मिनिटभराच्या फोटोत पाण्यावर हिरवा चिखल सारवल्यासारखी दिसते. मोकळं पाणी असलेली बाजू शोधा. पाण्यात बांधलेला डोंगा समोर घ्यायचा मोह होतो, पण तो डोलत राहतो आणि त्याला दुहेरी-तिहेरी कडा येतात. काठावर ओढून ठेवलेला, अर्धा चिखलात रुतलेला डोंगा घ्या. पाळीवरचे दगड, सलंगाची (जादा पाणी बाहेर सोडणारी) भिंत, पाण्यातले वठलेले बुंधे हे उत्तम. चित्रात एक तरी वस्तू ठाम हवी, तिच्या जोरावर बाकीचं हललेलं मऊ दिसतं. काहीच ठाम नसेल तर पाहणाऱ्याला नुसता हललेला फोटो वाटतो.

ढगांना किती वेळ द्यायचा याचा अंदाज घड्याळाने काढा. काच लावण्याआधी एका ढगाची कड चौकटीत हेरा आणि ती चौकटीचा एक-तृतीयांश भाग ओलांडायला किती सेकंद लागतात ते मोजा. तेवढा वेळ दिला की ओढ स्पष्ट दिसते आणि ढगांचा आकारही थोडा उरतो. जुलैतले खाली उतरलेले ढग हे अंतर मिनिटाच्या आत कापतात. उंचावरच्या पिसांसारख्या ढगांना तीन-चार मिनिटं लागतात. ढग तुमच्या दिशेने किंवा तुमच्यापासून दूर जात असतील तर रेषा क्षितिजावरच्या एका बिंदूतून फुटल्यासारख्या येतात, आडवे जात असतील तर नुसते पट्टे. पहिलं जास्त देखणं. म्हणून वाऱ्याची दिशा बघून जागा निवडा, जागा बघून वाऱ्याची वाट पाहू नका.

पिकांत सावध राहा. वाऱ्याने हलणारी पऱ्हाटी एक-दोन सेकंदांत निव्वळ चूक वाटते. २० सेकंदांच्या पुढे ती धुरासारखी मऊ होते आणि मग ती चूक न वाटता हेतू वाटतो. मधलं काही चालत नाही. पीक स्पष्ट आणि ढग ओढलेले हवे असतील तर काचेविना एक जलद फोटो आणि काचेसह एक, असे दोन घेऊन जोडा. ट्रायपॉड मधे हलता कामा नये.

आठवडी बाजारातली गर्दी पुसायची युक्ती पुष्कळांनी ऐकलेली असते. चालणारी माणसं दोन-तीन मिनिटांत खरंच नाहीशी होतात, भाजी मांडून बसलेली होत नाहीत. ती अर्धवट भुतांसारखी राहतात. पांढरा सदरा किंवा टोपी काळोख्या पार्श्वभूमीवर रेघ सोडते, गडद कपडे सोडत नाहीत. बैलबाजारात तर नादच सोडा, पांढरे बैल एका जागी उभे राहून माना हलवतात.

पाय रोवण्याबद्दल. काळ्या मातीच्या वावरात, विशेषतः पावसानंतर, ट्रायपॉडचा पाय मिनिटभरात चुपचाप दोन-चार मिलिमीटर खचतो आणि सगळं चित्र खालच्या दिशेने पुसट होतं. प्रत्येक पायाखाली कवेलूचा किंवा फरशीचा तुकडा ठेवा, मधला दांडा खाली ठेवा, आणि शटर उघडं असताना आजूबाजूला चालू नका. ओली माती पावलागणिक दबते. नदीच्या रेतीत उलट, पाय दाबून खोल घालायचे. वाहत्या पाण्यात ट्रायपॉडचे पाय थरथरतात, त्यामुळे शक्यतो कोरड्या दगडावरून काढा. बॅग हुकाला लटकवायची तर ती जमिनीला टेकेल इतकी, झोके घेणारी बॅग वाऱ्यापेक्षा वाईट. गोसीखुर्दसारख्या धरणांच्या खालच्या पात्रात पावसाळ्यात उभेच राहू नका. चार मिनिटांचा फोटो सुरू असताना भोंगा झाला तर माणूस 'एवढा होऊ दे' म्हणतो, आणि दार उघडल्यावर पाणी थांबत नाही. मार्कंडा, गाविलगड, लोणारचं दैत्यसूदन मंदिर ही केंद्रीय पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारकं आहेत. तिथे ट्रायपॉडला आधी परवानगी लागते.

उन्हाळ्याचा वेगळा त्रास. एप्रिल-मेमध्ये ४४-४५ अंशांत कॅमेरा उन्हात ठेवला की सेन्सर तापतो आणि दोन मिनिटांच्या फोटोत लाल-निळे ठिपके पसरतात. कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू केलं तर तो तेवढ्याच वेळाचा एक काळा फोटो स्वतः काढून ठिपके वजा करतो. म्हणजे दोन मिनिटांच्या फोटोला चार मिनिटं जातात, मधे बंद करू नका. त्याहून चांगली वाट म्हणजे लांब फोटोचे तुकडे करणे: १० स्टॉपच्या काचेने ४-४ सेकंदांचे ३० फोटो लागोपाठ घ्या आणि संगणकावर त्यांची सरासरी काढा. दोन मिनिटांचा परिणाम मिळतो आणि सरासरीमुळे दाणाही कमी होतो. फक्त दोन फोटोंमधे खंड पडू देऊ नका, नाहीतर वेगाच्या ढगांत पायऱ्या दिसतात. आणि या पद्धतीत नॉइज रिडक्शन बंद ठेवा, तोच खंड पाडतो.

फिल्म वापरणाऱ्यांसाठी एवढंच: डिजिटलमध्ये गुणाकार सरळ चालतो, फिल्ममध्ये सेकंद वाढले की संवेदनशीलता घसरते. इल्फर्ड एफपी४ प्लसला हिशेबाने ३० सेकंद आले तर प्रत्यक्षात सुमारे ७३ द्यावे लागतात.

सूर्यास्ताच्या सुमारास चार मिनिटांच्या फोटोत शटर उघडं असतानाच उजेड उतरत जातो. हिशेबाच्या वर एक-तृतीयांश ते दोन-तृतीयांश स्टॉप जास्त द्या. सकाळी तेवढंच कमी.

आणि एक धोका. १० स्टॉपची काच म्हणजे ग्रहण बघायची काच नव्हे. ती हजारावा भाग सोडते. सूर्य बघायची फिल्म साधारण लाखावा भाग सोडते आणि अवरक्तही अडवते. एनडी लावून डीएसएलआरच्या भिंगातून सूर्याकडे बघितलं तर दृष्टिपटल भाजतं, आणि ते भाजताना दुखत नाही. सूर्य चौकटीत असेल तर पडद्यावरच बघा.

खरेदीचं माझं मत सांगतो. फिरवून कमीजास्त होणारी व्हेरिएबल एनडी या कामाला घेऊ नका. ती दोन पोलरायझरची जोडी असते. १८ मिलिमीटरला आणि शेवटच्या टोकाला आकाशात काळी फुली उमटते, ती कोणत्याही सॉफ्टवेअरने निघत नाही. व्हिडिओसाठी ती ठीक. दोन काचा ठेवाव्यात, ६ स्टॉप आणि १० स्टॉप. एकीलाच पैसे असतील आणि धबधबे जास्त करत असाल तर ६, ढग आणि तलाव करत असाल तर १०. लेन्सचा व्यास ५८ असला तरी काच ७७चीच घ्या आणि मधे स्टेप-अप रिंग (लहान तोंडावर मोठा फिल्टर बसवणारं कडं) लावा. पुढे लेन्स बदलली तरी काच राहते, आणि दोन काचा चढवल्यावर कोपरे काळे पडत नाहीत.

गावातल्या वेल्डिंगच्या दुकानातली काळी काच चालते का, हे हमखास विचारलं जातं. चालते, मर्यादेत. १० नंबरची वेल्डिंग काच सुमारे १३ स्टॉपची असते, ९ नंबरची साडेअकराची, म्हणजे १० नंबरच्या काचेने भरदुपारीही अर्धा-एक मिनिट मिळतो. पण ती गडद हिरवी असते, इतकी की रंग परत आणता येत नाहीत, आणि पृष्ठभाग ओबडधोबड असल्याने चित्र मऊ येतं. हातातल्या ढालीची काच अरुंद असते, १८ मिलिमीटरला कडा दिसतात. ३५च्या पुढे झूम करा, रबराने घट्ट बांधा, कडेची फट काळ्या चिकटपट्टीने बुजवा आणि कृष्णधवल करा. लांब शटर आपल्याला आवडतं का, हे ठरवायला इतका प्रयोग पुरेसा आहे. त्यापुढे खरी काच घ्या.

निगा थोडक्यात. आधी फुंकणीने धूळ उडवा, मग पुसा. रेतीचा एक कण पुसताना कायमचा ओरखडा देतो, आणि रेझिनच्या चौकोनी काचांवर तो लगेच पडतो. लोणारचं पाणी खारं आणि अल्कधर्मी, त्याचे शिंतोडे वाळले तर पांढरे डाग धरतात; ओले असतानाच स्वच्छ पाण्याने धुवा. उन्हात स्क्रू फिल्टर अडकून बसला तर चिमटीत धरून पिळू नका, कडं वाकून आणखी घट्ट होतं. स्वच्छ हवाई चपलेचा सपाट तळ फिल्टरच्या कड्यावर सारखा दाबा आणि लेन्स फिरवा, निघतो.

तुमच्या त्याच तलावावर पुढच्या वेळी असं करून पाहा. ढगाळ दिवस, संध्याकाळी पाचनंतर, शिंगाड्याच्या वेली नसलेल्या काठावर. तीन पायांखाली कवेलू, आयएसओ १००, एफ ११. काचेविना मोजा, १/३० आला तर अर्धा मिनिट, १/१५ आला तर एक मिनिट. पहिला फोटो व्ह्यूफाइंडर झाकून, दुसरा न झाकता, तिसरा पुन्हा झाकून पण एफ ८ला, वेळ निम्मा करून. हे तीन शेजारी ठेवले की जांभळा डाग कुठून येतो ते दिसेल. झाकल्यावर गेला तर फिल्टरला दोष नाही. एफ ८ला फिका झाला तर लेन्स बदलून पाहा. आणि दोन्हींत तसाच राहिला, तरच बिल शोधून दुकानात जा.